दात येण्याचे महिने: टीदर, गार फडकं आणि मोडलेल्या रात्री

लेकीचे खालचे दोन पटाशीचे दात सहाव्या महिन्याच्या शेवटी वर आले. आता ती दीड वर्षाची होत आलीये आणि पहिल्या दाढा पूर्ण बाहेर आहेत. या काळात दातांसाठी म्हणून ज्या वस्तू घरात आल्या, त्यातल्या कुठल्या टिकल्या आणि कुठल्या कोपऱ्यात पडल्या, ते सविस्तर लिहितेय. दिवसाची किरकिर कमी करायला अगदी साध्या वस्तू पुरतात. रात्रीच्या झोपेचं मात्र त्यातल्या एकाही वस्तूने भागत नाही, आणि हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं.

टीदर म्हणजे दात येताना बाळाला चावायला द्यायची वस्तू. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते सिलिकॉनचं कडं. एकसंध, पोकळी नाही, आत पाणी नाही, जोड नाही. एका बाजूला बारीक उंचवटे आणि दुसरी बाजू गुळगुळीत होती. तिने गुळगुळीत बाजूला कधी तोंडही लावलं नाही. पातळ असल्यामुळे इवल्याशा मुठीत नीट धरता यायचं. उकळून घेतलं तरी आकार बदलला नाही. एक कटकट मात्र आहे: जमिनीवर पडलं की केस, धागे, धूळ असं सगळं त्याला चिकटतं, त्यामुळे दिवसभर धूत बसावं लागतं. धुताना दोन्ही हातांनी ताणून, वाकवून बघायची सवय ठेवा. दात आले की सिलिकॉनवर आधी खुणा पडतात, मग कधीतरी चीर जाते, आणि त्यातून सुटलेला तुकडा घशात अडकू शकतो.

दाढांच्या वेळी हेच कडं निरुपयोगी ठरलं. मागच्या हिरडीपर्यंत ते पोचतच नाही. ती तोंडात कोंबायची, उबळ यायची, चिडून फेकून द्यायची. तेव्हा लांब दांड्याचा टीदर आणला. दांडा फार आत जाऊ नये म्हणून त्याला आडवी चकती असते, ती नसेल तर घेऊच नका. तो हातात असताना मी समोर बसूनच राहायचे, रांगताना किंवा उभं राहताना कधीच दिला नाही. दाढा साधारण १३ ते १९ महिन्यांच्या दरम्यान येतात आणि पटाशीच्या दातांपेक्षा रुंद असल्यामुळे हिरडी जास्त दिवस सुजलेली राहते. म्हणून विकत घ्यायचा एकच असेल तर हा लांब दांड्याचा घ्या. पण तो दाढांच्या वेळी घ्या, सहा महिन्यांच्या बाळाला त्याचं काही काम नाही.

पाणी भरलेला टीदर भेट म्हणून आला होता. गारवा छान धरायचा, पण वरचे दात आल्यावर शिवणीपाशी ओल दिसली आणि त्याच दिवशी तो टाकून दिला. कुठलाही टीदर फ्रिजरमध्ये ठेवू नका. दगडासारखा कडक झालेला टीदर हिरडीला इजा करतो. फ्रिजच्या साध्या कप्प्यातला गारवा पुरेसा असतो.

आणि या सगळ्यांपेक्षा सरस निघालं ते मऊ सुती फडकं. एक टोक स्वच्छ पाण्यात भिजवून पिळायचं, थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायचं आणि कोरडी बाजू तिच्या हातात द्यायची. ओलं टोक ती असं काही चावायची, चोखायची की दुसरं काही सुचायचं नाही. लाळही त्यातच जिरायची. दर वेळी नवं फडकं घ्यावं लागतं, एवढाच त्याचा व्याप.

बोटाने हिरडी चोळणं याला वस्तू म्हणता येणार नाही, पण भर रात्री हाताशी तेवढंच असायचं. हात धुवून करंगळी हिरडीवरून सावकाश फिरवली की मऊ, मऊ लागत जातं आणि एका जागी अचानक धारदार कड लागते. तिथे हलकेच दाबून धरलं की तिचा सगळा जबडा त्या बोटावर यायचा आणि हुंदके हळूहळू थांबायचे. आराम काही मिनिटांचाच, पण तेवढ्यात पुन्हा झोप लागून जायची. वरचे दात आल्यावर मात्र हे बंद करावं लागतं, कारण कडकडून चावतात.

हिरडीला लावायची बधिर करणारी जेल आम्ही घरात आणलीच नाहीत. अशा जेलमधल्या बेंझोकेन या बधिर करणाऱ्या औषधामुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घटण्याचा दुर्मिळ पण जिवावरचा धोका असतो, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी अशी उत्पादनं विकणं थांबवायला सांगितलं. शिवाय एवढी लाळ गळत असताना ते जेल हिरडीवर टिकणार तरी किती? त्याच वर्षी त्यांनी दात येताना दुखू नये म्हणून बाळाला घालतात त्या अंबरच्या (झाडाच्या घट्ट झालेल्या राळेच्या मण्यांच्या) माळांबद्दलही इशारा दिला. दीड वर्षाच्या एका बाळाला झोपेत अशा माळेचा गळफास बसला होता. कितीही आपुलकीने कुणी माळ आणून दिली तरी बाळाच्या गळ्यात घालू नका.

आता रात्री. मधले काही महिने ती इतक्यांदा उठायची की आम्ही दोघं दिवसा भ्रमिष्टासारखे वावरायचो. घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ‘दात येतायत.’ म्हणून मी वहीत नोंद ठेवायला लागले: किती वाजता उठली, हिरडी कशी दिसत होती, दात कधी दिसला. त्यातून जे दिसलं त्याने आमची पद्धतच बदलली. दात वर येण्याच्या आगेमागे चार-पाच रात्री खरोखर वाईट जायच्या. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या वाईट रात्रींचा दाताशी काहीच संबंध नव्हता. २००० साली ‘पीडिअॅट्रिक्स’ नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासातही दाताशी जोडता येणारा त्रास आठ दिवसांच्या टप्प्यातच आढळला होता: दात येण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन. बाकीच्या रात्री ती उठायची कारण नुकतीच धरून उभं राहायला शिकली होती, किंवा डोळे उघडल्यावर मी जवळ दिसत नव्हते. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास आई नजरेआड झाली की बाळ घाबरतं, तेच इथे होत होतं.

मग दोन वेगळे हिशेब ठेवले. हिरडी सुजलेली, लालबुंद असेल आणि दूधही दोन घोट घेऊन सोडत असेल, तर करंगळी, कडेवर फिरवणं, आणि फारच असह्य झालं तर डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेलं पॅरासिटामॉल. हिरडी ठीक दिसली तर दिवा लावायचा नाही, खेळायचं नाही, अंथरुणातच पाठीवर हात ठेवून तेच एक गाणं गुणगुणायचं. झोपायच्या आधीचा क्रम मात्र दोन्ही प्रकारच्या रात्री अजिबात बदलला नाही. वाईट आठवडा संपला की ती पूर्वीसारखी झोपायला लागायची, त्याचं श्रेय मी या क्रमाला देते. झोपताना हातात टीदर कधीच दिला नाही, दोरीने कपड्याला बांधूनही नाही.

आम्हा दोघांसाठी सगळ्यात मोठा फरक पडला तो रात्र वाटून घेतल्याने. मध्यरात्रीपर्यंत मी, नंतर तिचा बाबा. ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. सलग चार तास झोप मिळाली की दुसऱ्या दिवशी बाळावर चिडचिड होत नाही.

लाळेने हनुवटीवर पुरळ यायचं. पुसण्यापेक्षा टिपून घेतलं आणि झोपताना पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावला की बरं व्हायचं. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त, सतत जुलाब, कान ओढत रडणं, यातलं काहीही दातांच्या नावावर खपवू नका. आमच्याकडे एकदा आलेला ताप कानाच्या संसर्गाचा निघाला. डॉक्टरांकडे त्याच दिवशी गेलो म्हणून लवकर आटोक्यात आला.

अजून सुळे यायचेत, आणि दोन वर्षांच्या आसपास दुसऱ्या दाढा. वीस दात पूर्ण होईपर्यंत बाळ साधारण तीन वर्षांचं होतं. त्यासाठी लांब दांड्याचा एक नवा टीदर आणि सुती फडक्यांची चळत तयार ठेवली आहे. कडं पुन्हा घेणार नाही.