बिडी सोडवायला चिठ्ठीवर काय लिहायचं: गम, पॅच की गोळी?

संध्याकाळी बाकावर तीस पेशंट ताटकळत असताना "बिडी सोडा बरं का" एवढं बोलून पुढचा नंबर बोलावणारे आपण सगळेच. तेवढं बोलणंही वाया जात नाही. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधले धूम्रपानाचे संशोधक रसेल यांच्या अभ्यासात ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्यातले ०.३ टक्के लोक वर्षभर सिगारेटपासून लांब राहिले. ज्यांना दोन मिनिटांचा सल्ला, एक पत्रक आणि 'पुन्हा विचारणार आहे' अशी तंबी मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण ५.१ टक्के होतं. माझ्या मते सगळी मेख त्या तंबीत आहे. म्हणून औषध निवडताना मी आधी बघतो, हा माणूस परत येणार का?

दुसरा प्रश्न, "काका, उठल्यावर पहिली बिडी किती वेळात पेटवता?" अर्ध्या तासाच्या आत असेल, तर नुसत्या सल्ल्यावर भागत नाही.

निकोटिन गम, म्हणजे तंबाखूतलं निकोटिन थोडं-थोडं देणारा चघळायचा गम, स्वस्तात सुरू करता येतो आणि तलफ येईल तेव्हा घेता येतो. अर्ध्या तासाच्या आत पेटवणाऱ्याला ४ मिलिग्रॅम, बाकीच्यांना २. पण सगळ्यात जास्त चुकीचा वापरही याचाच होतो. लोक साध्या च्युइंगमसारखा चघळतात, रस गिळतात, मग उचक्या, जळजळ, आणि "डॉक्टर, मला सोसत नाही." मी सांगतो, "थोडा चावा, जीभ चुरचुरली की तंबाखूचा बार धरता तसा गालात धरून ठेवा, चुरचुर गेली की परत चावा." आमच्याकडे हे समजावायला दुसरी उपमा लागत नाही! अर्धा तास एक गम. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. कवळी असेल तर गम चिकटतो, तिथे नाद सोडावा.

पॅच म्हणजे त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी, त्याला शिकवणी लागत नाही. सकाळी चिकटवायचा, रोज जागा बदलायची. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला २१ मिलिग्रॅम सहा आठवडे, मग १४ आणि ७ दोन-दोन आठवडे. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढावा. अडचण एकच, जेवणानंतरची अचानक उसळणारी तलफ त्याने भागत नाही. खिशाला परवडत असेल तर पॅच आणि वर लागेल तसा गम, ही जोडी एकट्या पॅचपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा सरस.

गोळ्यांत ब्युप्रोपिऑन मी कमी वापरतो. झोप उडते, तोंड कोरडं पडतं, आणि फिट येणाऱ्याला तर अजिबात देऊ नये. व्हॅरेनिक्लिन मात्र पहिल्या पसंतीचं. सोडण्याच्या तारखेच्या आठवडाभर आधी ०.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, नंतर १ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, एकूण बारा आठवडे. मळमळ बऱ्याच जणांना होते, म्हणून जेवून, ग्लासभर पाण्याबरोबर. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी. २०१६ साली आठ हजारांवर लोकांवर झालेल्या 'ईगल्स' चाचणीत ते पॅच आणि ब्युप्रोपिऑन दोन्हींच्या पुढे राहिलं, आणि मानसिक त्रासाची जी भीती होती ती फारशी खरी ठरली नाही. पण बारा आठवडे म्हणजे निदान तीन-चार फेऱ्या. ऊसतोडीला निघालेल्या माणसाला ही गोळी लिहून उपयोग काय? त्याला गम, आणि १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा टोल-फ्री नंबर. पाकिटावर छापलेला असतो, कुणी वाचत नाही. मी समोर बसवूनच लावायला लावतो.

ई-सिगारेट विचारतात, विशेषतः मुंबईहून आलेली मुलं. २०१९ पासून बंदी आहे, विषय संपला.

चिठ्ठीवर औषधाच्या वर सोडण्याची तारीख लिहितो, आणि सातव्या दिवशी कंपाउंडर फोन करतो. गेल्या वर्षी एका काकांनी जत्रेनंतरची तारीख मागितली. दिली. जत्रेत भावकी भेटते, आणि भावकीत बिडीला नाही म्हणणं त्यांना पहिल्याच आठवड्यात जमलं नसतं.