आठ महिने, एक ऑर्केस्ट्रा लायब्ररी आणि बेथोव्हेनची सातवी

ऑर्केस्ट्रा लायब्ररी म्हणजे खऱ्या वादकांचे रेकॉर्ड केलेले सूर कॉम्प्युटरवर कीबोर्डने वाजवायचं सॉफ्टवेअर. मी घेतलेल्या लायब्ररीचा डेमो ऐकून भुलले, हे आधीच कबूल करते. टिंपनीचा गडगडाट, ब्रासचा धडाका, लांबलचक स्ट्रिंग्ज. सिनेमाच्या पार्श्वसंगीताला ही लायब्ररी चोख आहे. मला मात्र बेथोव्हेनच्या सातव्या सिंफनीची दुसरी मूव्हमेंट (म्हणजे दुसरा भाग), अलेग्रेटो, वाजवायची होती. निवडली का, तर सोपी वाटली म्हणून! एक लांब, दोन आखूड, पुन्हा दोन लांब, एवढाच ठेका. व्हायोला, चेलो आणि डबल बास तो हळू आवाजात सुरू करतात आणि वरचा सूर बराच वेळ जागचा हलतच नाही.

तिथेच सगळी मेख आहे. एकच सूर पुन्हा पुन्हा वाजला की मशीनगनसारखा ऐकू येऊ नये म्हणून लायब्ररीत प्रत्येक सुराची आळीपाळीने वाजणारी चार सॅम्पलं, म्हणजे रेकॉर्ड केलेले तुकडे, आहेत. त्यातल्या एकात गजाचा बारीक ओरखडा आहे. ठेका पाच सुरांचा, सॅम्पलं चार. त्यामुळे तो ओरखडा दर फेरीला एकेक सूर अलीकडे सरकतो. एकदा कानात बसला की दुसरं काही ऐकूच येत नाही. शेवटी शेजारच्या सुराची सॅम्पलं अर्ध्या स्वराने खाली ओढून मध्ये मिसळली, तेव्हा कुठे सुटका झाली. शिवाय स्टकाटो (तोडून वाजवलेले सूर) फार तुटक आणि सस्टेन (धरून ठेवलेले सूर) फार लांब. या ठेक्याला लागणारं मधलं काहीच नाही. डेताशे (प्रत्येक सुराला गजाचा वेगळा फटकारा) वापरून प्रत्येक नोटची लांबी हाताने कापली. दोन आठवडे त्यातच गेले.

पुढे व्हायोला-चेलोची ती करुण धून येते. लेगाटोचा, म्हणजे सूर जोडून वाजवण्याचा, आवाज सुंदर आहे, अगदी मींड घेतल्यासारखा. पण एका सुरावरून दुसऱ्यावर जायला माझ्या मोजमापानुसार जवळजवळ १८० मिलिसेकंद लागतात. पडद्यावरच्या मात्रांच्या ग्रिडवर सगळं जागच्या जागी दिसतं, कानाला मात्र धून ठेक्याच्या मागे रेंगाळते. ट्रॅक तेवढा आधी ओढावा लागतो, आणि आखूड सुरांचा उशीर वेगळा, म्हणून त्यांचे ट्रॅकही वेगळे. मॅन्युअलमध्ये याबद्दल चकार शब्द नाही. कंपनीला विचारलं, तर तीन आठवड्यांनी मॅन्युअलचीच लिंक आली.

आणखी एक खटकलं. पहिल्या व्हायोलिनचा ताफा चौदा जणांचा आहे. स्कोअरमध्ये ते दोन भागांत वाटले गेले आणि तुम्ही सरळ दोन सूर दाबले, की अठ्ठावीस जण वाजवू लागतात. म्हणजे नेमक्या नाजूक जागी आवाज फुगतो. अर्ध्या ताफ्याची वेगळी सॅम्पलं द्यायला हवी होती.

वुडविंड्सवर, म्हणजे ओबो-क्लॅरिनेटसारख्या फुंकून वाजवायच्या वाद्यांवर, मात्र जीव जडला. मूव्हमेंट उघडते ती ओबो, क्लॅरिनेट, बासून आणि हॉर्न यांच्या ए मायनर कॉर्डने. जोरात सुरू होऊन तो विरत जातो. सुरुवातीला मी मॉड व्हीलची (आवाजाचा चढउतार ठरवणाऱ्या कीबोर्डवरच्या चाकाची) एकच रेघ चारही वाद्यांवर चिकटवली होती. ऑर्गन वाटला! क्लॅरिनेट अलगद नाहीसा होऊ शकतो, ओबोला ते तितकं जमत नाही. म्हणून प्रत्येकाचं व्हील वेगळं फिरवलं आणि चार माणसं समोर बसल्यासारखी वाटू लागली. क्वांटाइझ, म्हणजे सूर आपोआप तालात बसवणं, तर पूर्ण बंदच ठेवलं. चुकले तर चुकले.

कॉम्प्युटरचं थोडक्यात : ३२ जीबी रॅम एकाच माइक पोझिशनला (रेकॉर्डिंगच्या वेळी माइक जिथे ठेवला ती जागा) पुरते, जवळचे, ट्रीवरचे (ऑर्केस्ट्रासमोर उंच स्टँडवर टांगलेले) आणि हॉलचे असे तिन्ही माइक लावले की मेमरी वाचवायला ट्रॅक फ्रीझ, म्हणजे तात्पुरते ऑडिओत बदलून, ठेवत बसावं लागतं. एसएसडी नसेल तर या वाटेला जाऊच नका.

पुन्हा घेईन का? वुडविंड्स वेगळी मिळत असतील तर आजच. स्ट्रिंग्जसाठी दुसरीकडे बघते आहे.

मूव्हमेंट संपताना तोच वुडविंड्सचा कॉर्ड परत येतो. तो मी सुरुवातीचाच कॉपी करून लावला होता. काल हेडफोनवर ऐकताना ते जाणवलं. आता तेवढा पुन्हा वाजवायचा आहे.