'हेड उडालंय, काका'

साताऱ्यात माझं लग्नपत्रिका आणि बॅनरचं छोटं दुकान आहे. तुळशीचं लग्न लागलं की आम्हाला जेवायला फुरसत नसते, आणि नेमका त्याच आठवड्यात पीसीने मान टाकली. काळ्या पडद्यावर एकच ओळ, 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस', म्हणजे विंडोज असलेली डिस्क पीसीला सापडत नव्हती. तसा चार-पाच दिवस तो कुरकुरत होताच. टेबलाखाली कॅबिनेटला हलकीशी लाथ घातली की चालू व्हायचा.

ओळखीच्या हार्डवेअरवाल्याला बोलावलं. आला, झाकणही न उघडता कॅबिनेट उचलून घेऊन गेला. संध्याकाळी फोन. "हेड उडालंय, काका. डेटा मुंबईला पाठवून काढावा लागेल." हेड म्हणजे हार्ड डिस्कमधला डेटा वाचणारा भाग. डेटाचे ६,५००, नव्या एक टीबी डिस्कचे ३,४०० आणि विंडोज टाकायचे ५००. दहा हजार चारशे! पण चाळीस पत्रिका त्या डिस्कमध्ये अडकलेल्या. मुकाट्याने जीपे केलं.

दोन दिवसांत पीसी परत. सगळी फोल्डरं जशीच्या तशी, तारखांसकट. मी खूश. माझा भाचा मात्र हसला. हेड खरंच उडालं असेल तर डिस्क धूळरहित खोलीत उघडून तसंच हेड दुसऱ्या डिस्कचं बसवावं लागतं, म्हणाला. दोन दिवसांत मुंबईहून असा डेटा येत नसतो मामा.

मग त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं, डिस्कची तब्येत दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली, त्यापुढे आकडा होता २९,४१२. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे शुक्रवारी घेतलेली 'नवी' डिस्क तीन वर्षांहून जास्त अखंड चाललेली! बहुतेक कुठल्यातरी सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून (डीव्हीआर) काढलेली असावी. वरचं स्टिकर कोरं करकरीत, पण त्यावरचा सीरियल नंबर आणि सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा नंबर वेगळा. आणि हा तास-आकडा शून्य करून विकणारेही असतात, त्यामुळे शून्य दिसलं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा. माझ्या बिलावर नंबरच नव्हता. बिल कसलं, वहीचं फाडलेलं पान.

जुनी डिस्क मागितली तर आधी "कंपनीला गेली" म्हणाला. मी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर त्याच्यासमोरच डायल करायला घेतला, तेव्हा ती ड्रॉवरमधून निघाली.

भाच्याने ती नव्या साटा केबलने, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या वायरने, जोडली. केबल १२० रुपयांची. डिस्क पहिल्या फटक्यात चालू! त्याच सॉफ्टवेअरमध्ये खराब सेक्टरचे, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या जागांचे, दोन रकाने बघायचे असतात, ०५ आणि सी५. दोन्हीकडे शून्य. सी७ मध्ये मात्र सहाशेच्या वर चुका. हा आकडा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवरच्या चुकांचा, आणि तिथे बहुतेक वेळा केबलच दोषी असते. तो आकडा कधी कमी होत नाही, पण केबल बदलल्यापासून वाढायचा थांबला. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या पीसीच्या सेटिंगमध्ये, डिस्क कधी दिसते, कधी गायब होते, असं असेल तर आधी केबल बदलून बघा. सी५ वाढत असेल तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका, आधी डेटा दुसरीकडे घ्या. टकटक आवाज येत असेल तर पीसी तिथेच बंद करा.

डिस्कचे ३,४०० परत मिळाले. डेटाचे नाहीत, "मेहनत केलीये ना" म्हणे. शेकडो घरांचे पत्ते आणि मोबाइल नंबर असलेली माझी डिस्क दहा दिवस त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून होती, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आणि लाथ घातली की पीसी चालू होतो, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तो नुसता हसला होता.