आठ महिने, तीन रोड ट्रिप: कस्टम गाड्या टिपणारा ॲक्शन कॅमेरा आणि त्याचा संसार

चित्र लोण्यासारखं मऊ येईल, असं कॅमेऱ्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. तसं ते येतंही. आठ महिने वापरल्यावर माझी मुख्य तक्रार हीच आहे.

सामानात एक ॲक्शन कॅमेरा, तीन कपांचा सक्शन माउंट, एनडी (उजेड कमी करणाऱ्या) फिल्टरचा संच, काचेवरची प्रतिबिंबं कापणारा एक पोलरायझर आणि आवाजासाठी तळहाताएवढा ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर. कंपन्यांची नावं मुद्दाम टाळतेय, कारण पुढचं बरंचसं या जातीच्या सगळ्याच कॅमेऱ्यांना थोड्याफार फरकाने लागू पडेल. दादा गाडी चालवतो, मी चित्रण करते. आम्ही शोधतो त्या कस्टम, म्हणजे मालकाने आपल्या आवडीने बदलून घेतलेल्या, गाड्या रोज रस्त्यावर पळणाऱ्या असतात. ट्रेलरवर चढून प्रदर्शनाला जाणाऱ्या आणि तिथून तशाच परत येणाऱ्या गाडीला शौकिनांत ‘ट्रेलर क्वीन’ म्हणतात, आणि ते काही कौतुक नसतं.

पहिल्या ट्रिपला १९३२च्या फोर्डच्या धर्तीवर बांधलेली एक हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी बदललेली जुन्या घाटाची गाडी, मिळाली. उघडं इंजिन, छप्पर चार बोटं खाली कापलेलं, बॉडीवर नुसता प्रायमर. आयडलवर उभी असताना तिच्या आरशात मागचं काही दिसत नाही, करड्या रंगाचा पट्टा तेवढा थरथरत असतो. मी कॅमेरा काचेला लावला, स्टॅबिलायझेशन (चित्राची थरथर काढणारी सोय) पूर्ण चढवलं आणि तासभर चित्रण केलं. संध्याकाळी मालकांना दाखवलं. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, “छान आहे. पण ही माझी गाडी वाटत नाही. माझी गाडी अशी चालत नाही.”

खरंच होतं ते. खड्डे गायब होते, मागच्या कडक स्प्रिंगांचे दणके गायब होते. भरीला भर म्हणजे बॉनेट पाण्यावरच्या होडीसारखं डुलत होतं. कारण समजलं की आश्चर्य राहत नाही. कॅमेऱ्यातला जायरो नावाचा सेन्सर, कॅमेरा किती हलला ते मोजतो आणि त्यावरून स्टॅबिलायझर प्रत्येक फ्रेम तेवढीच उलट्या दिशेला सरकवतो. त्यासाठी लागणारी जागा चित्राच्या कडा कापून काढतो. त्याच्या लेखी स्थिर राहायला हवं ते क्षितिज. आता कॅमेराच गाडीला जखडलेला असेल, तर क्षितिज स्थिर ठेवण्याच्या नादात गाडी हलती दिसणार. वळणावर आणखी गंमत होते. चित्र आधी रेंगाळतं, मग एकदम भानावर आल्यासारखं वळतं.

तेव्हापासून कॅमेरा गाडीवर लावलेला असला की स्टॅबिलायझेशन बंद, हातात धरून चालत असले की चालू. बंद केल्यावर बॉनेट जागच्या जागी राहतं आणि रस्ता उसळतो. आत बसलेल्या माणसाला गाडी जशी वाटते, ती अशी.

मात्र बंद केल्यावर दुसरं दुखणं वर येतं. या कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र एका दमात घेत नाही, एकेक ओळ करून वाचतो. तेवढ्यात इंजिनच्या कंपनाने कॅमेरा हलला की खांब नागमोडी होतात, दाराच्या कडा जेलीसारख्या लहरतात. चार स्ट्रोकचं व्ही-एट इंजिन दर फेऱ्याला चार वेळा पेटतं. मिनिटाला ८०० फेरे धरले तरी सेकंदाला सुमारे ५३ धक्के झाले. एवढं बारीक कंपन माउंटच्या लांब दांडीवरून वाढत वाढत कॅमेऱ्यापर्यंत येतं. यावरचा उपाय फुकट आहे: दांडी काढून टाका, कॅमेरा काचेला जवळजवळ चिकटवा. माझ्या संचातली लांब दांडी फेब्रुवारीपासून पिशवीच्या तळाशी पडून आहे.

आता चाकं. कस्टम गाडीच्या मालकाने सगळ्यात जास्त जीव कशावर टाकलेला असतो, तर बहुतेक वेळा चाकांवर. आणि व्हिडिओत सगळ्यात आधी तीच बिघडतात. पाच आऱ्यांचं चाक घ्या, टायरचा घेर साधारण दोन मीटर. ताशी ३६ किलोमीटरला गाडी सेकंदाला दहा मीटर जाते, म्हणजे चाकाचे पाच फेरे. सेकंदाला २५ फ्रेमने चित्रण चालू असेल तर दर फ्रेमला चाक बरोबर एक पंचमांश फिरतं. एका आऱ्याच्या जागी दुसरा येऊन उभा राहतो आणि चाक थिजलेलं दिसतं. गाडी पुढे चाललीय आणि चाक ढिम्म. वेग थोडा कमी झाला की ते उलटं फिरायला लागतं. पहिल्या ट्रिपचे माझे निम्मे शॉट असेच वाया गेले, कारण भर उन्हात कॅमेरा आपणहून शटर हजारांश सेकंदावर नेत होता. तेवढ्या वेळात ते चाक दोन अंशही फिरत नाही, त्यामुळे प्रत्येक आरा कोरल्यासारखा स्पष्ट येतो.

एनडी फिल्टर लावून शटर १/५० वर आणलं की त्याच वेगाला चाक ३६ अंश फिरतं. आऱ्यांमधलं अंतर ७२ अंशांचं. म्हणजे प्रत्येक आरा निम्म्या वाटेपर्यंत पुसट होतो आणि डोळ्याला फिरतं चाक दिसतं. थिजणं पूर्ण जात नाही, पण खटकत नाही. तरीही आता मी चालकाला ३६च्या आसपास रेंगाळू नका, पंचेचाळीस-पन्नास धरा म्हणून सांगते. भर दुपारी एनडी ३२ किंवा ६४ लागतो, कलत्या उन्हात १६ किंवा ८ पुरतो. आकडा दुप्पट झाला की उजेड निम्मा, एवढं लक्षात ठेवलं की तक्ते पाहावे लागत नाहीत.

फक्त एनडी आणि स्टॅबिलायझेशन यांचं पटत नाही. शटर हळू असताना धक्क्याचा पुसटपणा फ्रेममध्येच उतरतो. मग स्टॅबिलायझर फ्रेम सरळ करतो, पण पुसटपणा तसाच राहतो. स्थिर चित्र मधेच डोळे चोळल्यासारखं होतं. म्हणून चालत चित्रण करताना मी फिल्टर काढते. या एवढ्याशा काचा दिवसातून पंधरा वेळा काढायच्या-घालायच्या म्हणजे बोटांची परीक्षा आहे. एक एनडी १६ दुसऱ्या ट्रिपला कुठल्याशा वाहनतळावर राहिला. तो पुन्हा घ्यावा लागला.

पोलरायझरबद्दल मत बदललं. पुढच्या काचेवरचं आभाळ कापून चालकाचा चेहरा दाखवायला तो उत्तम. पण बाजूच्या कडक केलेल्या काचांवर इंद्रधनुषी डाग उमटतात. आणि मेटल फ्लेक, म्हणजे चमकीचे कण मिसळलेल्या, रंगावर तर तो लावूच नये. त्या रंगाची सगळी मजा वरच्या क्लिअर कोटाच्या (पारदर्शक थराच्या) खोलीत आणि झळाळीत असते. पोलरायझर नेमकी ती झळाळीच पिऊन टाकतो. तीन महिने खपून थरावर थर चढवलेला रंग साध्या लाल डब्यासारखा दिसला. मालक शेजारीच उभे होते, मी गुपचूप फिल्टर खिशात टाकला.

सक्शन माउंटबद्दल लिहिताना हात थोडा अडखळतो. काचेवर तो आजवर एकदाही सुटलेला नाही. कप आणि काच अल्कोहोलने पुसायची, दर थांब्यावर खटका तपासायचा, ऊन-थंडी बदलली की पुन्हा दाबायचा. पण दुसऱ्या ट्रिपला मी तो एका मॅट रॅप केलेल्या, म्हणजे वरून बिनचमकीची फिल्म चिकटवलेल्या, दारावर लावला. मॅट पृष्ठभागाला बारीक खरखर असते, प्रायमर तर सच्छिद्रच. हवा हळूहळू आत जाते. मला हे वाचून माहीत होतं. तरी दाबून पाहिलं, घट्ट वाटलं, आणि म्हटलं पाचच मिनिटांचा तर शॉट आहे. चौथ्या मिनिटाला माउंट सुटला. सुरक्षेची दोरी होती म्हणून कॅमेरा रस्त्यावर पडला नाही, पण दोरीला लोंबकळत दाराच्या खालच्या कडेवर तीन-चार वेळा आपटला. गाडी थांबेपर्यंत तो ठक्-ठक् आवाज मी मागच्या गाडीत बसून वॉकीटॉकीवर ऐकत होते.

रॅप बोटभर फाटलं होतं आणि खाली पत्र्याला चिमटीएवढा पोचा. मालक वयाने माझ्याहून लहान, तरी मला ताई म्हणत होते. म्हणाले, “ताई, रॅपचं काही नाही, ते उतरतंच. पत्र्याचं मात्र मी स्वतः ठोकून काढीन, तुम्ही खर्च देऊ नका.” मी दिला. दोरी किती लांब ठेवायची हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं, ते त्या दिवशी कळलं: कॅमेरा सुटला तरी पत्र्याच्या कडेपर्यंत पोचू नये, इतकी आखूड. आता रंगावर माउंट लावतच नाही, मालक स्वतः “लावा हो” म्हणाले तरी. जुन्या लॅकर रंगावर कपाची गोल खूण उमटू शकते आणि ती पॉलिशने जाईलच असं नाही.

विजेचं एक वेगळंच. दोन तास सलग चित्रणाला कॅमेऱ्याची बॅटरी पुरत नाही, म्हणून गाडीतल्या लायटर सॉकेटवर भिस्त ठेवली होती. साधारण पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच अमेरिकन गाड्या सहा व्होल्टच्या. काहींचं अर्थिंगही उलटं, धन टोक बॉडीला. आधुनिक बारा व्होल्टचा चार्जर तिथे शोभेची वस्तू. बारा व्होल्ट केलेल्या गाड्यांमध्ये चार्जर चालतो, पण रेकॉर्डर त्याला जोडलात तर अल्टरनेटरची शिट्टी आवाजात मिसळते, ॲक्सिलरेटरबरोबर चढते-उतरते. पॉवर बँक घ्या, सुटाल. तापण्याचा त्रास मात्र आहेच. बंद काचेमागे उभ्या गाडीत कॅमेरा दोनदा आपोआप बंद पडला. वारा लागत असताना कधीच नाही.

कार्डाचं गणित एकदा करून ठेवा. सेकंदाला १०० मेगाबिट धरले तर तासाला ४५ जीबी, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांच्या आसपास. रोज रात्री दोन ड्राइव्हवर प्रती करून मगच झोपायचं.

आणि आवाज. पूर्ण संचात ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जीव जडला तो हा छोटा रेकॉर्डर. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक वाऱ्यात निकामी आणि एक्झॉस्टजवळ केविलवाणा. ३२-बिट फ्लोटमुळे पातळी आधी ठरवावी लागत नाही, घरी बसून खाली-वर करता येते. पण जाहिरातीत एक गोष्ट सांगत नाहीत. माइकचा पडदाच आवाजाने फाफलला तर फाइल कितीही बिटची असो, आवाज फाटकाच येतो. म्हणून माइक एक्झॉस्टच्या थेट मागे नको. मी तो मागच्या नंबरप्लेटच्या आडोशाला, नळीपासून हातभर बाजूला, केसाळ टोपी घालून बांधते. पहिल्यांदा जरा जवळ बांधला होता. टोपीचे केस वितळून गोळा झाले आणि दोन दिवस पिशवीला जळका वास येत होता.

त्या आवाजाचं मोल तिसऱ्या ट्रिपला कळलं. एका लोरायडरच्या (मुद्दाम जमिनीलगत बसवलेल्या गाडीच्या) डिकीत बॅटऱ्यांची रांग आणि दोन पंप होते. मालक बोलके. त्यांनीच सांगितलं की हायड्रॉलिक्स, म्हणजे पंपाच्या दाबाने गाडी वर-खाली करणारी ही यंत्रणा, खेळ म्हणून आलेलं नाही. १९५८पासून कॅलिफोर्नियात गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली असणं बेकायदा झालं. पुढच्याच वर्षी रॉन अगिरे यांनी आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलिस दिसले की गाडी वर, गेले की खाली. तिथले यासंदर्भातले निर्बंध उठले ते १ जानेवारी २०२४पासून. सांगता सांगता त्यांचं बोट स्विचवर होतं. आधी पंपाची झिंगाट घरघर, मग रबराचा कुरकुर आवाज, मग पुढचं चाक जमिनीवरून सुटल्याची अर्ध्या क्षणाची शांतता, आणि धप्प. चित्र मी स्टॅबिलायझेशन चालू ठेवून घेतलं होतं, चुकून. त्यात गाडी जेमतेम उडी मारते. आवाजात खोलीची खिडकी हादरते.

स्पीडब्रेकरचे शॉट आवर्जून घ्या. खाली बसवलेली गाडी त्यावरून तिरकी जाते, एका वेळी एकच चाक चढवत. चालक मान बाहेर काढून ऐकत असतो आणि शेजारचा माणूस उतरून खाली वाकून “ये, ये, थांब” करतो. कॅमेरा जमिनीवर ठेवा आणि बाजूला व्हा. चालत्या गाडीतून दुसरी गाडी टिपायची असेल तर खिडकीच्या आत राहूनच, पट्टा बांधून, आणि कोपर दारावर न टेकता. शरीर मधे असलं की धक्के आपोआप गिळले जातात. डिकी उघडी टाकून पाय सोडून बसणारे पाहिलेत, दादा त्यांना ओव्हरटेकसुद्धा करत नाही.

मालक लोक दोनच गोष्टी मागतात: नंबरप्लेट पुसा, आणि गाडी कुठे उभी असते ते दाखवू नका. दुसरी मी सुरुवातीला विसरायचे. आता फाटक, घराचा रंग, गल्लीची पाटी यासाठी प्रत्येक फाइल एकदा वेगळी पाहते.

पुढच्या फेरीसाठी नवा कॅमेरा पाहत नाहीये, दुसरा रेकॉर्डर घेतेय. एक डिकीत, एक चालकाच्या पायाशी, जिथे क्लचचं पेडल सुटताना ‘टक्’ होतं. त्या हॉट रॉडच्या मालकांना फोन करून पुन्हा यायचं विचारलंय. म्हणाले या, पण आरसा तेवढा घट्ट करू नका.