मोकळं रोलिंग की पोझिशनल स्पारिंग?

ब्राझिलियन जिउ-जित्सूत (जमिनीवरच्या पकडींची कुस्ती) पांढऱ्या पट्ट्याची, म्हणजे नवशिक्यांची, मॅच साधारण ५ मिनिटांची. तेवढा वेळ मोकळं रोलिंग, म्हणजे न थांबता मोकळी सराव-लढत, केली की दम वाढतो, दडपणातही डोकं चालू राहतं. पण साइड कंट्रोलखाली (समोरचा बाजूने छातीवर आडवा पडून दाबतो ती पकड) एकदा अडकलात की उरलेला वेळ तिथेच घुसमटण्यात जातो. (माझे पहिले कित्येक महिने असेच गेले.)

पोझिशनल स्पारिंगची सुरुवातच त्या अडचणीतून होते. एकजण वर, एकजण खाली. सुटका झाली किंवा टॅप केलं (थाप मारून हार मानली) की पुन्हा तिथूनच. तेवढ्याच ५ मिनिटांत सुटकेचे सात-आठ प्रयत्न होतात आणि आपलं कोपर नेमकं कधी उघडं पडतं ते कळतं. कंटाळवाणं आहे, हे खरं.

आठवड्यात तीनच दिवस मिळत असतील तर मी दोन पोझिशनलला देईन. मोकळं रोलिंग शनिवारी, तेही ताकद न लावता.