ग्रुप की सिलेक्शन पेन?

पॉवरपॉइंटच्या एकाच स्लाइडवर भाचीने विसेक बाण-चौकोन रचलेत. आता ग्रुप करू (म्हणजे सगळ्यांची एकच वस्तू बांधू) की सिलेक्शन पेन (स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंची यादी दाखवणारी बाजूची चौकट) उघडू, असं विचारत होती.

मेहनत म्हणाल तर ग्रुप सोपा: सगळं निवडा, कंट्रोल+जी दाबा. हलवताना मांडणी विस्कटत नाही. पण आधी दिलेली ॲनिमेशन ग्रुप करताच उडतात (हा फटका मी सादरीकरणाच्या आदल्या रात्री खाल्लाय!) आणि टेबल ग्रुपमध्ये येतच नाही.

ऑल्ट+एफ10 ने उघडणाऱ्या पेनमध्ये एकेका वस्तूला नाव देत बसायचा कंटाळा येतो. मात्र खाली दबलेलं चित्र सापडतं, डोळ्याच्या खुणेवर क्लिक करून वरचं लपवता येतं, ॲनिमेशनला धक्काही लागत नाही.

आकृती एकसंध हलवायची असेल तर ग्रुप. थरावर थर आणि ॲनिमेशन असतील तर पेनच.