दोन डिस्कवाला नॅस डबा, सव्वा वर्ष वापरल्यावर (५ पैकी ३ स्टार)

डबा (नॅस म्हणजे नेटवर्कला जोडून सगळ्या मशीनच्या फाइली एका जागी ठेवायचा डबा) चांगलाय हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल मी नुसता रडतोय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण जो घोळ झाला तो ह्या जातीच्या दुसऱ्या डब्यांतही होऊ शकतो आणि त्यात अर्धी चूक आमचीच होती.

आमचं सांगलीत ऑडिटचं ऑफिस आहे. सर सीए, मी सीए-बिए काही नाही, प्रिंटरमध्ये कागद अडकला की ज्याला हाक मारतात तो मी. सहा मशीन, क्लायंट बहुतेक पतसंस्था, सोसायट्या, दोन-तीन दूध संस्था. आधी सगळा बॅकअप पेनड्राइव्हवर चालायचा, मग सरांनी हा डबा घेतला, ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १ मध्ये, म्हणजे जे एकीवर तेच दुसरीवर. दुकानवाल्याने कंपनीचंच बॅकअप सॉफ्टवेअर सगळीकडे टाकून दिलं, क्लायंटचा डेटा म्हणून फोल्डर एन्क्रिप्टेड (पासवर्डशिवाय वाचता न येणारं) करून दिलं, रोज दुपारी दोनला जेवणाच्या सुट्टीत बॅकअप आणि जेवून आलं की स्क्रीनवर हिरवी टिक. वर्षभर मी ती टिक बघून खूश.

ऑगस्टमध्ये एका पतसंस्थेचे मॅनेजर आले, "साहेब, २०२२-२३ चा ऑडिट रिपोर्ट सॉफ्ट कॉपीत पाहिजे होता." सरांच्या मशीनची एसएसडी आदल्याच आठवड्यात गेलेली, नवीन बसवलेली, म्हटलं चिंता नाही, डब्यावर आहेच की. फोल्डर उघडलं तर ट्रायल बॅलन्स आहे, लेजरच्या पीडीएफ आहेत, इंग्लिश नावाची सगळी पिल्लावळ जागच्या जागी, फक्त अहवाल नाही. दुसऱ्या संस्थेचं फोल्डर उघडलं, तिथंही तेच. सर मागे उभे, "काय रे, सापडेना का?" आणि मी "एक मिनिट सर" असं दहा वेळा तरी म्हटलं असेल. शेवटी तो रिपोर्ट सरांच्या मेलच्या सेंटमध्ये मिळाला, मॅनेजर चहा पिऊन गेले, पण माझी भूक मेली ती मेलीच.

मग लॉग (सॉफ्टवेअर रोज काय केलं ते लिहून ठेवतं ती नोंद) काढला. आता ऐका, ह्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या स्क्रीनवर हिरवी टिक आणि "पूर्ण झाले", त्याच्या आत डिटेल्स, त्याच्या आत एक बारकं पिवळं त्रिकोणी चिन्ह, त्यावर क्लिक केलं की लॉग, आणि त्यात २१२ फाइली "नाव फार लांब आहे" म्हणून सोडून दिलेल्या! रोज सोडतोय, रोज लिहून ठेवतोय, आणि वर टिक हिरवीच. एक स्टार मी इथंच कापला.

दुकानातनं इंजिनियर आला, बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "मराठी नावं चालत नाहीत हो, इंग्लिशमध्ये ठेवा." हे काही पटेना कारण "ताळेबंद" नावाची फाइल मजेत गेली होती. मग मला वाटलं विंडोजची ती २६० अक्षरांची पाथची (ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा अख्खा पत्ता) भानगड असणार, फोल्डरात फोल्डर फोल्डरात फोल्डर केलं की होते ती, म्हणून अख्खं फोल्डर डी ड्राइव्हच्या तोंडाशी आणून ठेवलं. फरक शून्य. मग एकच फाइल घेऊन बसलो आणि नावातला एकेक शब्द उडवत गेलो, एका ठराविक ठिकाणी ती गपकन जायला लागली.

तर प्रकार असाय. विंडोजमध्ये फाइलच्या नावाला २५५ अक्षरं चालतात. डब्यात आत लिनक्स असतं, तिथं मर्यादा २५५ बाइटची (बाइट म्हणजे साठवायच्या जागेचं माप), अक्षरांची नाही. इंग्लिश अक्षर एका बाइटात बसतं, देवनागरी अक्षराला ३ लागतात, आणि अक्षर म्हणजे काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडलेलं चिन्ह हे सगळं वेगवेगळं मोजायचं. नुसतं "श्री" लिहिलं की १२ बाइट गेले. त्यात आमचं फोल्डर एन्क्रिप्टेड, आणि ज्या पद्धतीचं एन्क्रिप्शन आमच्या डब्यात आहे त्यात नावं सुद्धा गुप्त करून साठवली जातात, ती फुगतात, म्हणून मर्यादा अजून खाली, १४३ बाइट. म्हणजे देवनागरीची जेमतेम ४७ चिन्हं. आता सहकार खात्याच्या कृपेने आमच्या फाइलींची नावं कशी असतात बघा, "ग्रामीण बिगरशेती सहकारी पतसंस्था मर्यादित" एवढ्यालाच मोजून ११५ बाइट, उरले २८, त्यात संस्थेचं नाव, वर्ष, अहवाल, अंतिम, सुधारित आणि आमच्या मॅडमचं लाडकं "अंतिम सुधारित नवीन". कुठून बसणार! जितकी महत्त्वाची फाइल तितकं लांब नाव, त्यामुळे नेमकं कामाचं तेवढंच गळत होतं.

कंपनीच्या सपोर्टला मेल टाकला, तीन दिवसांनी उत्तर आलं की हे असंच असतं आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. खरंच लिहिलंय, मर्यादांच्या तक्त्यात एका ओळीत, बोलायची सोय नाही. पण मग बॉक्सवर नसलं तरी निदान टिक तरी पिवळी करा ना बाबांनो.

बाकीच्या कटकटी किरकोळ, पण नवीन घेणाऱ्याला उपयोगी पडतील म्हणून लिहितो. सुरुवातीला स्पीड सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना, पहिला ९०० जीबीचा बॅकअप जवळपास २३ तास चालला, आम्ही डब्याला शिव्या घातल्या. ११ हा आकडा दिसला की डबा सोडा, वायर बघा. गिगाबिटला (म्हणजे १००० एमबीपीएसला) केबलच्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात, त्यामुळे क्रिंपिंग करताना (तारा टोकाच्या पिनेत दाबून बसवताना) उरलेल्या चारांतली एक तार नीट बसली नाही तरी नेट चालू राहतं, फक्त गुपचूप १०० वर येतं आणि ११-१२ एमबीला अडकतं. ५० रुपयांचं नवीन पॅचकॉर्ड लावलं, १०५-११० मिळायला लागलं.

दुसरं म्हणजे लाइट गेली की राउटर आणि डबा दोन्ही बंद, परत आली की राउटर डब्याला दुसराच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देणार आणि बॅकअप जुन्या पत्त्यावर दार वाजवत बसणार. राउटरमध्ये जाऊन डब्याचा आयपी कायमचा बांधून टाकला, दोन मिनिटांचं काम. आणि डब्याला यूएसबीने बोलणारा यूपीएस घ्या, बॅटरी संपत आली की डबा स्वतःहून नीट बंद होतो.

नवीन विंडोज ११ प्रो लॅपटॉप आला तर त्याला डबा उघडेचना. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्ये बिनपासवर्डचं गेस्ट लॉगिन बंदच असतं आणि आम्ही दुसरं एक शेअर आळसाने गेस्टवर ठेवलेलं. नेटवर जो तो सांगतोय पॉलिसीत जाऊन गेस्ट परत चालू करा, ते करू नका, प्रत्येकाला युझर आणि पासवर्ड करून द्या. २०१७ चा वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्याच एका भोकातनं मशीन ते मशीन पळाला होता, ते भोक वेगळं होतं, पण फाइल शेअरिंग उघडं ठेवायचं नाही हा धडा तोच.

सध्या काय करतोय, तर डब्याचं सॉफ्टवेअर बंद करून रेस्टिक नावाचं बॅकअप सॉफ्टवेअर वापरतो, फुकट ओपन सोर्स आहे. ते फाइलींचे तुकडे करून, एन्क्रिप्ट करून आपल्याच पद्धतीने ठेवतं, तुमच्या फाइलचं नाव डब्याच्या डिस्कवर कधी लिहिलंच जात नाही, त्यामुळे बाइटची भानगड संपली. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप कराव्या लागतात, पासवर्ड हरवला तर डेटा गेला समजा (आमचा सरांच्या लॉकरमध्ये आहे). एक जास्तीची कॉपी यूएसबी डिस्कवर, ती सर शनिवारी घरी नेतात. आणि महिन्यातनं एकदा मी कुठल्यातरी पाच फाइली खरोखर परत काढून, उघडून बघतो. म्हणे जागतिक बॅकअप दिन ३१ मार्चला असतो, म्हणजे आमच्या धंद्यात ज्या दिवशी कुणाला पाणी प्यायला सवड नसते नेमका तो, म्हणून आम्ही पहिला शनिवार धरलाय.

हार्डवेअरला पैकीच्या पैकी, आवाज नाही, गरम होत नाही, सव्वा वर्षात डिस्कची तक्रार नाही. सपोर्ट आणि सॉफ्टवेअरला एकेक स्टार कमी. फाइलींची नावं इंग्लिशमध्ये ठेवत असाल तर बिनधास्त घ्या. मॅडमनी मात्र तेव्हापासून धसका घेतलाय, रेस्टिकमध्ये गरज नाही सांगून सुद्धा त्या आता "ग्रा.बि.स.प.म." असं लिहितात, ११५ चे ३२ झाले, आणि परवा सरांनी मला हळूच बोलावून विचारलं हे ग्राबिसपम कोण नवीन क्लायंट आहे का.